घरगुती साधनांनी पेयांचे जलद शीतन

पेयांचे जलद शीतन म्हणजे नेहमीच्या तापमानाचे पाणी, सरबत, ताक, शीतपेय किंवा अन्य द्रव थोड्या वेळात पिण्याजोगे गार करणे. शीतकपाटात (फ्रीजमध्ये) बाटली ठेवून काही तास वाट पाहणे ही यासाठीची रूढ पद्धत होय. पाहुणे अचानक आले, वीज गेली किंवा समारंभाला फ्रीज अपुरा पडला, तर घरातील इतर साधने या कामी वापरली जातात. बर्फ व मीठ, आइस्क्रीमचा पॉट, टेबल पंखा, वातशीतक (कूलर), कपडे धुण्याचे यंत्र, मिक्सर, इतकेच नव्हे तर भोके पाडण्याचे ड्रिल यंत्रही त्यांत येते. यांपैकी काही उपाय शास्त्रीय दृष्ट्या पक्के आहेत, काहींचा उपयोग मर्यादित आहे, तर काही निरुपयोगी किंवा धोकादायक आहेत. सभोवतालची वस्तू किती थंड आहे यापेक्षा ती पेयातील उष्णता किती वेगाने वाहून नेते यावर शीतनाचा वेग बहुतांशी अवलंबून असतो. हे तत्त्व ध्यानात घेतले की कोणता उपाय उपयोगी पडेल आणि कोणता नाही, याचा अंदाज प्रयोग करण्यापूर्वीच बांधता येतो.

इतिहास

यांत्रिक शीतन येण्यापूर्वी भारतात पेये गार करण्याचे मुख्य साधन बाष्पीभवन हेच होते. माठ, रांजण व सुरई यांच्या सच्छिद्र भिंतींतून पाझरणारे पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून उडून जाते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता घेते. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडून खोली गार ठेवण्याची रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार केले जाई. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त या कृतीचे प्रमाणासह वर्णन केले आहे. एक शेर पिण्याचे पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करीत. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालीत आणि त्या मिश्रणात ती सुरई सुमारे पाव तास फिरवीत राहत. धातूचे भांडे, त्याला सर्व बाजूंनी भिडलेला थंड द्रव आणि सततचे हलवणे या तीन गोष्टी त्या कृतीत एकत्र आल्या होत्या. आजच्या जलद शीतनाच्या उत्तम पद्धतींतही याच तीन गोष्टी आढळतात.

एकोणिसाव्या शतकात नैसर्गिक बर्फाचा समुद्रमार्गे व्यापार सुरू झाला. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचा बर्फ १८३३ मध्ये 'टस्कनी' या जहाजातून कलकत्त्याला पोहोचला. पुढे मुंबईतही अशा बर्फाच्या साठवणीसाठी बर्फघर होते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीम-यंत्राचे एकस्व (पेटंट) १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन महिलेने घेतले. लाकडी बादली, मधोमध धातूचा डबा आणि भोवती बर्फ व जाडे मीठ अशा रचनेचा हा पॉट पुढे महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत उन्हाळ्याच्या सुटीचा भाग बनला.

शास्त्रीय आधार

किती उष्णता काढावी लागते?

एक ग्रॅम पाण्याचे तापमान १° से.ने उतरवण्यासाठी सुमारे ४.१८ ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. बहुतेक पेयांत पाण्याचाच अंश मोठा असल्याने त्यांनाही हाच हिशेब ढोबळमानाने लागू पडतो. ३३० मिलिलिटरचा शीतपेयाचा डबा ३०° से.वरून ५° से.वर आणायचा असेल, तर ३३० × २५ × ४.१८ म्हणजे सुमारे ३४,५०० ज्यूल, अर्थात ३४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. पद्धत कोणतीही असली, तरी हा आकडा बदलत नाही. ही उष्णता कोठे जाते आणि किती वेळात जाते, एवढाच पद्धतींमधील फरक असतो.

एक ग्रॅम बर्फ ०° से.ला वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो. तिला विलयाचा अप्रकट उष्मा म्हणतात. यावरून वरील डब्यासाठी किमान १०३ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. पाण्याच्या बाष्पीभवनाला याहून कितीतरी अधिक, म्हणजे नेहमीच्या तापमानाला दर ग्रॅममागे सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. त्यामुळे तत्त्वतः केवळ १४-१५ ग्रॅम पाणी उडून जाण्याने तेवढीच उष्णता निघून जाऊ शकते. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता काही अंशी भोवतालच्या गरम हवेतूनही घेतली जाते.

शीतनाचा वेग

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी स्थलांतर करते. पेये गार करताना पहिले दोन मार्ग महत्त्वाचे ठरतात. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २३ पट आहे. शिवाय समान आकारमानाच्या पाण्यात हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता सामावते. म्हणूनच उणे १८° से. तापमानाच्या फ्रीझरमधील हवेपेक्षा ०° से.चे बर्फाचे पाणी डबा पुष्कळ लवकर गार करते. वरवर पाहता हे विपरीत वाटते. परंतु हिवाळ्यात १५° से. तापमानाच्या हवेत सहज वावरणारा माणूस त्याच तापमानाच्या पाण्यात उतरताच कुडकुडू लागतो, तेव्हा याच फरकाचा अनुभव येतो.

३३० मिलिलिटरच्या डब्याचे पृष्ठफळ सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर असते. फ्रीझरमधील जवळजवळ स्थिर हवा एवढ्या पृष्ठभागातून दर सेकंदाला दहा ज्यूलच्या आसपासच उष्णता काढू शकते. त्यामुळे ३४.५ किलोज्यूल निघून जाण्यास पाऊण ते एक तास लागतो. बर्फाच्या पाण्यात हाच दर सहज दहापट होतो.

भांड्याच्या आतील अभिसरणही तितकेच महत्त्वाचे असते. भिंतीलगतचे पेय आधी गार होते आणि मधले तसेच राहते. भांडे फिरवल्यास किंवा पेय ढवळल्यास आतले कोमट पेय सतत भिंतीकडे येत राहते. स्थिर ठेवलेल्या बाटलीत गार पेय जड होऊन खाली सरकते आणि त्यातून थोडे अभिसरण आपोआप घडते. मात्र पाण्याची घनता ४° से.ला सर्वाधिक असल्याने त्या तापमानाजवळ ही हालचाल मंदावते.

शीतनाचा नियम

आयझॅक न्यूटन याने १७०१ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे आलेल्या नियमानुसार वस्तू गार होण्याचा वेग ती व भोवतालचे माध्यम यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. उदाहरणार्थ, ०° से.च्या पाण्यात ठेवलेले पेय पाच मिनिटांत ३०° से.वरून १५° से.वर आले, तर पुढच्या पाच मिनिटांत ते आणखी १५ अंश उतरून शून्यावर येत नाही; ते ७.५° से.पर्यंतच उतरते आणि त्यापुढील पाच मिनिटांत ३.७५° से.वर येते. शेवटचे काही अंश सर्वाधिक वेळ घेतात. भोवतालचा द्रव उणे १०° से.चा असेल, तर मात्र सुरुवातीचा फरक ४० अंशांचा होतो आणि तेवढ्याच पाच मिनिटांत पेय १०° से.वर येते. मिठाचा उपयोग येथे होतो.

प्रमुख पद्धती

बर्फ आणि पाणी

बादली किंवा खोल पातेल्यात बर्फ घालून त्यात डबा बुडेल एवढे पाणी ओतणे ही सर्वांत सोपी व भरवशाची पद्धत आहे. केवळ बर्फाच्या खड्यांत डबा रोवून ठेवणे हा येथे होणारा नेहमीचा प्रमाद होय. खडे डब्याला मोजक्या ठिकाणीच टेकतात आणि मधल्या फटींत हवा राहते. पाणी ओतताच त्या फटी भरतात व संपूर्ण पृष्ठभाग थंड द्रवाच्या संपर्कात येतो. डबा पाण्यात न हलवता ठेवला तर साधारणतः पंधरा-वीस मिनिटे लागतात. अधूनमधून फिरवत राहिल्यास वेळ निम्म्याच्या आसपास येतो.

तापलेल्या दुधाचे पातेले परातीतील गार पाण्यात ठेवून पळीने ढवळण्याची घरोघरची रीत याच तत्त्वाचा अवलंब करते. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो तो पसरट पृष्ठभाग आणि बाष्पीभवन यांमुळे.

बर्फ, पाणी आणि मीठ

मीठ मिसळल्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्यामुळे बर्फ ०° से.च्या खालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतो. परिणामी मिश्रणाचे तापमान उतरते. मीठ व पाणी यांच्या मिश्रणात गाठता येणारे नीचतम तापमान उणे २१° से.च्या आसपास असते; त्यासाठी वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग मीठ असे प्रमाण लागते. पेये गार करण्यासाठी इतक्या थंडीची गरज नसते. दर लिटर पाण्यामागे शंभर ग्रॅम मीठ घातले, तर गोठणबिंदू सुमारे उणे ६° से.पर्यंत खाली येतो व तेवढे पुरते. जाडे मीठ स्वस्त असल्याने त्याचाच वापर सोयीचा होतो. नुसत्या पाण्यात मीठ विरघळवून मात्र लक्षणीय थंडी मिळत नाही, कारण उष्णता शोषण्याचे मुख्य काम वितळणारा बर्फ करतो.

'मिथबस्टर्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००५ मध्ये पेयांचे डबे गार करण्याच्या विविध पद्धतींची तुलना केली. तेव्हा व्यवहार्य पद्धतींत बर्फ, पाणी व मीठ यांचे मिश्रण सर्वांत सरस ठरले. त्याला सुमारे पाच मिनिटे लागली.

आइस्क्रीमचा पॉट

हाताने किंवा विजेच्या मोटारीने फिरणारा आइस्क्रीमचा पॉट हे घरात सहज उपलब्ध असणारे सर्वांत कार्यक्षम शीतनयंत्र म्हणता येईल. धातूचा पातळ डबा, भोवती बर्फ-मीठ आणि आत फिरणारे पाते अशी त्याची रचना असल्याने वहन व अभिसरण दोन्ही साधले जाते. पन्हे, कोकम सरबत, पियूष किंवा ताक त्यात काही मिनिटांतच गार होते. त्यानंतर फिरवणे चालू ठेवल्यास कडेला बर्फाचे स्फटिक धरू लागतात. म्हणून सरबतासाठी पॉट वापरताना लक्ष ठेवून वेळीच थांबावे लागते. वायुयुक्त पेय पॉटमध्ये ओतू नये, कारण त्यातील वायू निघून जातो.

डबा फिरवणे

बर्फाच्या पाण्यात आडवा धरलेला डबा आपल्या अक्षाभोवती फिरवल्यास आतील व बाहेरील अभिसरण एकाच वेळी वाढते आणि काही मिनिटांचे काम दोन-तीन मिनिटांवर येते. या तत्त्वावर चालणारी छोटी घरगुती यंत्रेही विक्रीस उपलब्ध आहेत. काही हौशी लोक डबा ड्रिल यंत्राला जोडून हेच साधतात, परंतु पाण्याजवळ विजेचे यंत्र चालवणे धोक्याचे असते. तळहातांमध्ये धरून, रवी घुसळावी तसा डबा बर्फाच्या पाण्यात फिरवणे पुरेसे परिणामकारक आणि पूर्णपणे सुरक्षित आहे.

फिरवणे आणि जोराने हलवणे यांत फरक आहे. अक्षाभोवती संथ फिरवल्याने वायुयुक्त पेय फारसे फसफसत नाही. वर-खाली हलवल्याने मात्र द्रवात सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि झाकण उघडताच पेय उसळून बाहेर येते. पेय गार झाल्यावर मिनिटभर स्थिर ठेवून मग उघडावे.

पंखा, कूलर आणि वातानुकूलक

पंखा हवा गार करीत नाही, केवळ हलवतो. खोलीच्या तापमानाची कोरडी बाटली पंख्यासमोर कितीही वेळ ठेवली, तरी ती गार होत नाही. फ्रीजमधून काढलेली बाटली पंख्याखाली ठेवल्यास उलट लवकर कोमट होते. बाटलीभोवती ओले सुती फडके गुंडाळले, तर मात्र पंख्याचा झोत बाष्पीभवनाला वेग देतो आणि माठाचेच काम थोड्या वेळात घडते. फडके सतत ओले राहावे यासाठी त्याचे टोक पाण्याने भरलेल्या ताटलीत सोडतात.

या उपायाला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकावर जे तापमान दिसते, त्याखाली बाष्पीभवनाने जाता येत नाही. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे २४° से. येते, म्हणजे पाणी १८ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावर तापमान ३३° से. व आर्द्रता ७० टक्के असताना ही मर्यादा सुमारे २८° से. असते. नागपुरात सुखद गार होणारा माठ मुंबईत तितका प्रभावी ठरत नाही, याचे कारण हेच.

कूलरच्या झोतात ठेवलेल्या ओल्या बाटलीलाही हीच मर्यादा लागू आहे. वातानुकूलकातून (एसीतून) येणारी हवा मात्र गार व कोरडी असल्याने तिच्या झोतासमोर ओल्या फडक्यातील बाटली अधिक गार होते. तरीही हे काम बर्फाच्या पाण्याच्या तुलनेत मंदच असते.

फ्रीझर

फ्रीझरमध्ये बाटली उभी ठेवण्याऐवजी आडवी, धातूच्या थंड तळाला किंवा गोठलेल्या वस्तूंना भिडवून ठेवल्यास वहनाचा लाभ मिळतो. धातूच्या पसरट भांड्यात पातळ थर ओतलेले सरबत उंच बाटलीतील सरबतापेक्षा लवकर गार होते.

बाटलीला ओले फडके किंवा ओला कागदी रुमाल गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. त्याचा लाभ मर्यादित असतो. ओल्या थरामुळे आसपासच्या थंड पृष्ठभागांशी संपर्क सुधारतो आणि सुरुवातीला थोडे बाष्पीभवनही होते. परंतु त्या थरातील पाणी गोठवण्यासाठीही उष्णता बाहेर काढावी लागते. फडके जाड व निथळते असेल, तर फायद्यापेक्षा अडथळाच अधिक होतो.

कपडे धुण्याचे यंत्र

वरून झाकण असलेले कपडे धुण्याचे यंत्र काही घरांत समारंभाच्या वेळी बर्फाचे मोठे पिंप म्हणून वापरले जाते. पिंपात बर्फ, पाणी व बाटल्या ठेवतात आणि शेवटी वितळलेले पाणी निचरा-नळीने वाहून जाते. येथे यंत्राचा केवळ भांडे म्हणून उपयोग होतो. विजेची जोडणी काढून ठेवणे, साबणाचा अंश राहणार नाही अशा रीतीने पिंप धुणे आणि बाटल्यांची तोंडे उघडण्यापूर्वी पुसणे आवश्यक असते. बाटल्या आत असताना यंत्र चालू करू नये, काच फुटते. मीठही येथे वापरू नये, कारण खाऱ्या पाण्याने धातूचे भाग गंजतात.

मिक्सर आणि बर्फ थेट पेयात

बर्फ थेट पेयात घालणे हा सर्वांत जलद मार्ग होय. मिक्सरमध्ये बारीक केलेला बर्फ पृष्ठफळ वाढल्याने काही सेकंदांतच पेय गार करतो. अडचण पातळपणाची असते. २५० मिलिलिटर सरबत ३०° से.वरून ५° से.वर आणताना सुमारे ७४ ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे पेयात जवळजवळ तीस टक्के पाणी वाढते. हा हिशेब आधीच धरून सरबत तेवढे घट्ट करावे. पन्हे, कोकम व लिंबाचे सरबत यांना ही युक्ती चांगली लागू पडते. वायुयुक्त पेय मात्र मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नये.

पन्ह्याचेच किंवा ताकाचेच खडे गोठवून ठेवल्यास चव पातळ होत नाही. याउलट बाजारात मिळणारे स्टीलचे खडे फारसा उपयोग करीत नाहीत. उणे १८° से.वरून ५° से.वर येताना १०० ग्रॅम स्टील सुमारे १.१५ किलोज्यूल उष्णता घेते, तर तेवढाच बर्फ वितळून जवळपास ३९ किलोज्यूल घेतो. ज्या खड्यांत गोठणारा द्रव भरलेला असतो, ते याहून बरे ठरतात.

पेल्टिये परिणामावर चालणारी उपकरणे

दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीजप्रवाह गेल्यास एक बाजू गार व दुसरी गरम होते, हे झाँ पेल्टिये याने १८३४ मध्ये दाखवून दिले. संगणकाला किंवा मोटारीतील वीजजोडणीला लावायचे छोटे पेयशीतक याच परिणामावर चालतात. एखादे उपकरण दर सेकंदाला दहा ज्यूल उष्णता काढत असेल, तर ३३० मिलिलिटर पेयाला सुमारे एक तास लागतो. गार पेय गार ठेवण्यासाठी ही उपकरणे उपयोगी आहेत. जलद शीतनासाठी नाहीत.

भांड्याचा परिणाम

तांबे, ॲल्युमिनियम, स्टील, काच व प्लॅस्टिक या क्रमाने उष्णतावाहकता उतरत जाते. ॲल्युमिनियमची वाहकता काचेच्या दोनशे पटींहून अधिक, तर शीतपेयांच्या बाटल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकची काचेच्याही काही पटींनी कमी असते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या बाटलीतील पेय पातळ स्टीलच्या तांब्यात किंवा कडीच्या डब्यात ओतून बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास पुष्कळ वेळ वाचतो. स्टील धातूंमध्ये मंदवाहक असले, तरी त्याची भिंत पातळ असल्याने अडथळा थोडाच राहतो.

कोकम, लिंबू, कैरी व ताक ही आम्लयुक्त पेये तांब्याच्या किंवा पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात गार करण्यास ठेवू नयेत. आम्लाशी संयोग होऊन तांब्याची संयुगे पेयात उतरतात आणि त्यामुळे मळमळ व उलट्या होऊ शकतात.

पद्धतींची तुलना

३३० मिलिलिटरचा ॲल्युमिनियमचा डबा ३०° से.वरून साधारण ७° से.वर आणण्यास लागणारा ढोबळ वेळ पुढीलप्रमाणे सांगता येईल. बर्फाचे प्रमाण, भांडे व हवामान यांनुसार त्यात फरक पडतो.

• फ्रीजचा नेहमीचा कप्पा : दोन ते चार तास
• फ्रीझर : अर्धा ते एक तास
• बर्फ व पाणी, डबा स्थिर : पंधरा ते वीस मिनिटे
• बर्फ, पाणी व मीठ, अधूनमधून हलवून : सुमारे पाच मिनिटे
• बर्फाच्या पाण्यात डबा सतत फिरवून : दोन ते तीन मिनिटे
• ओले फडके व पंखा : ७° से.पर्यंत पोहोचणे उन्हाळ्यात शक्य नाही

वीज नसताना यांपैकी बर्फावर आधारलेले उपाय तसेच माठ व ओले फडके हेच उपलब्ध राहतात. अशा वेळी फ्रीझरचे दार वारंवार न उघडता लागणारा सर्व बर्फ एकदाच काढून घेणे श्रेयस्कर ठरते.

प्रचलित गैरसमज

मायक्रोवेव्ह भट्टीसारखे 'उलटे' काम करून पेय क्षणात गार करणारे यंत्र का नाही, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. लहरींच्या रूपाने ऊर्जा बाहेरून पेयात खोलवर सोडता येते. परंतु पेयाच्या आतील उष्णता तशीच ओढून घेता येत नाही. ती कोठल्या तरी अधिक थंड वस्तूकडे पृष्ठभागातून वाहत जावी लागते. तापवणे झटपट आणि गार करणे सावकाश, असा अनुभव येतो तो यामुळे.

फ्रीजचे दार उघडे ठेवून खोली किंवा खोलीतील पेये गार होतील, ही समजूतही चुकीची आहे. फ्रीज आतील उष्णता काढून खोलीतच सोडतो आणि वापरलेल्या विजेची उष्णता त्यात भर घालते. म्हणून खोली एकंदरीत तापतेच.

गरम पाणी गार पाण्यापेक्षा आधी गोठते, या निरीक्षणाला एरास्तो एम्पेम्बा या टांझानियातील विद्यार्थ्याच्या नावावरून एम्पेम्बा परिणाम म्हणतात. त्याने हे १९६३ मध्ये शाळेत आइस्क्रीम करताना पाहिले आणि १९६९ मध्ये डेनिस ऑस्बॉर्न यांच्यासह त्यावर लेख प्रसिद्ध केला. या परिणामाबद्दल शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. पेय गार करण्यासाठी ते आधी तापवण्यात कोणताही लाभ नाही.

वाळूत पुरलेल्या डब्यांवर पेट्रोल ओतून पेटवल्यास डबे गार होतात, अशी एक कथा प्रचलित आहे. उपरोक्त दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती करून पाहिली असता खोटी ठरली.

धोके आणि दक्षता

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली यामुळे तडकते आणि वायुयुक्त पेयाचा डबा फुटू शकतो. अशी बाटली ठेवताना घड्याळाचा गजर लावणे हा साधा व प्रभावी उपाय आहे. कधीकधी पेय गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहते आणि झाकण उघडताच त्यात बर्फाचा लगदा होतो. वायुयुक्त पेय अशा वेळी उसळून बाहेर येते. तापलेली काचेची बाटली एकदम बर्फात घालू नये.

बर्फ व मीठ यांचे मिश्रण ०° से.च्या बरेच खाली असते. ते हातात धरून ठेवल्यास त्वचेला शीतदाह होतो. बर्फ-मिठाचा तुकडा कातडीवर किती वेळ सहन होतो, अशी पैज मुले लावतात. तिच्यातून खोल जखमा झाल्याचे प्रकार घडले आहेत.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाच्या झोताने डबे काही मिनिटांत गार होतात. परंतु या वायूचे घनरूप उणे ७८° से.च्या आसपास असते, बंद खोलीत हा वायू साचल्यास गुदमरण्याचा धोका असतो आणि रिकामे झालेले अग्निशामक आग लागल्यावर निरुपयोगी ठरते. संगणकावरील धूळ उडवण्याच्या फवाऱ्याचा डबा उलटा धरून त्यातील द्रव बाटलीवर मारणेही टाळावे. त्यातील रसायन खाद्य नसते, त्वचा गोठवू शकते आणि काही प्रकार ज्वालाग्राही असतात. स्वयंपाकाच्या वायूचा सिलिंडर वेगाने वापरताना गार होतो, म्हणून त्याचा या कामी उपयोग करण्याचा विचारही करू नये. युरियासारखी काही खते पाण्यात विरघळताना पाणी गार करतात; शाळेच्या प्रयोगापुरते हे ठीक आहे, पण खते पेयांच्या व भांड्यांच्या जवळ आणू नयेत.

बर्फाची शुद्धता हा उन्हाळ्यात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ठरतो. गोठल्याने पाण्यातील सर्व रोगजंतू मरत नाहीत. कारखान्यातील लादीचा बर्फ पुष्कळदा मासळी व इतर माल टिकवण्यासाठी असतो आणि पिण्याच्या पाण्यापासून केलेला असतोच असे नाही. खाण्याचा व अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक करण्यात आले. असा बर्फ बाटलीभोवती वापरता येतो. मात्र तो पेयात जाऊ देऊ नये आणि बाटलीचे तोंड शुद्ध पाण्याने धुऊनच ती उघडावी. कूलरच्या टाकीतील साचलेले पाणी पिण्यायोग्य नसते. त्यात बाटल्या बुडवून ठेवणे टाळावे.

उष्माघाताच्या रुग्णासाठी पेय गार होण्याची वाट पाहत बसू नये. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला साधे पाणीही चालते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तिला सावलीत नेऊन अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी. ओले फडके आणि पंखा यांचे जे तत्त्व बाटलीला लागू पडते, तेच येथे माणसाच्या शरीराला लागू पडते.

हेही पहा

• अप्रकट उष्मा
• बाष्पीभवन
• उष्णतेचे अभिसरण
• माठ
• प्रशीतक
• आइस्क्रीम
• उष्माघात